शोकअप

सोमवारी आणि शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, चिचटोलीत भैयाजींच्या अंगणात एक मोटारसायकल रडायची.

चिचटोली म्हणजे नवेगाव बांधाच्या थोडं अलीकडं, चाळीस-पन्नास घरांची वस्ती. धान कापून घरात आलं होतं, गावोगावी मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, भरू लागल्या होत्या. माणसांच्या हाताला काम कमी होतं आणि तोंडाला जास्त, त्यामुळं गर्दीला तोटा नव्हता. सारवलेल्या अंगणाच्या मधोमध ती काळी गाडी उभी असे. हेडलाइटला झेंडूची माळ, मीटरवर हळदकुंकू, हँडलला वाळून काळं पडलेलं लिंबू आणि पुढच्या चाकाशी आसवं झेलायला पितळी ताट. बायका ताटाला पदर लावून पाया पडत. मंदाबाईनं त्यातलं बोटभर तेल गुडघ्याला चोळलं होतं आणि गुडघा हलका झाला असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होती. दोन महिन्यांपूर्वी गोंदियाच्या डॉक्टरच्या मलमाबद्दलही ती हेच सांगत होती, पण ते कुणाच्या लक्षात नव्हतं.

गाडी भैयाजींच्या थोरल्या मुलाची, धर्मेंद्रची. पोळ्याच्या आदल्या दिवशी जंगलातल्या वळणावर रानडुक्कर आडवं आलं, गाडी घसरली आणि धर्मेंद्रचं डोकं दगडावर आपटलं. हेल्मेट घरी खुंटीला टांगलेलं होतं. गाडीला मात्र खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. आता ती मालकासाठी रडते असं लोक म्हणत. गोंदियाहून येणारे केवलमहाराज म्हणत, मालकासाठी नाही. मालकाला ज्यानं खाल्लं, तो जवळ आला की रडते.

त्या शुक्रवारी गर्दीत एकच माणूस हात न जोडता उभा होता. सेवकराम मिस्त्री. कोहमाऱ्याच्या चौकात धाब्यांच्या रांगेत तीस वर्षांपासून त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. स्वभावानं पक्का शंकेखोर. पेट्रोल भरताना मीटर शून्यावर आलं का ते वाकून पाहणार, डॉक्टरनं गोळी दिली तर पाकिटावरची तारीख दोनदा वाचणार, भाजीत मीठ घातलं असं बायकोनं सांगितलं तरी चाखल्याशिवाय मानणार नाही. बायको कुसुमबाई म्हणायची, हा माणूस एक दिवस आपल्या सावलीलाही विचारेल, कोणाची गं तू. आदल्या दिवशी ट्रकवाला देवानंद चहा पिताना हसत बोलला होता की मिस्त्री, तुमच्या धंद्यातला देव निघाला चिचटोलीत. तेव्हाच सेवकरामनं दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून जायचं ठरवलं होतं.

महाराज आले. पन्नाशीचा गडी, भगवी लुंगी, रुद्राक्षाच्या तीन माळा आणि खिशातून डोकावणारा काळा चष्मा. जिभेला वंगण घातल्यासारखं बोलणं, अर्धं मराठी आणि अर्धं गोंदियाच्या बाजारातलं.

"ये साधारण गाडी नहीं है, माऊली. लोहे में भी जीव रहता है. लोक विचारतात, महाराज, आसू इथूनच काऊन येतात? अरे, या अवयवाचं नावच पाहा ना. मिस्त्री लोग क्या बोलते हैं इसको? शोकअप! शोक म्हणजे दुःख, अप म्हणजे वर. आतला शोक वर येतो, उसका नाम शोकअप. कंपनीवाल्यांना ठाऊक आहे सब, पर बताते नहीं."

गर्दीनं हात जोडले. सेवकरामला ठसका लागला. शॉकअप, म्हणजे शॉक अब्सॉर्बर, हा शब्द तो दिवसातून पन्नासदा उच्चारत होता, आणि आपण तीस वर्षं लोकांचं दुःख उघडून त्यात नवं तेल भरतो आहोत हे त्याला आजच कळत होतं.

मग परीक्षा सुरू झाली. महाराजांनी पांढऱ्या फडक्यानं पुढच्या शॉकअपचे दोन्ही पाईप पुसले, फडकं सगळ्यांना दाखवलं. आधी भैयाजी गाडीवर बसले. पाईप कोरडा. मग धाकटा मुलगा हिमांशू बसला. कोरडाच. शेवटी धर्मेंद्रच्या बायकोला, रीताला, पुढं बोलावलं. सव्वीस वर्षांची, वाळलेली पोरगी. चार वर्षांची रुचिका तिच्या पदराला धरून होती, तिला मंदाबाईनं बाजूला ओढलं.

आणि इथं महाराजांनी एक गोष्ट केली, जी साऱ्या अंगणानं पाहिली आणि कुणीच पाहिली नाही. त्यांनी गाडी पुढं ढकलून मेन स्टँडवरून खाली उतरवली. म्हणाले, बांधलेलं जनावर आणि उभी केलेली गाडी खरं बोलत नाही, तिला मोकळी करावी लागते. रीता बसली. महाराजांनी तिला पुढचा ब्रेक दाबून धरायला लावला आणि हँडलवर भार देऊन गाडीला तीन वेळा नमवायला सांगितलं, पतीला नमस्कार म्हणून. तिनं नमवली. तिसऱ्या नमस्काराला उजव्या पाईपवर तेलाचं कडं उमटलं, त्याचा ओघळ झाला आणि थेंब ताटात पडला.

अंगणातून एकच हुंकार निघाला. देवकाबाई, धर्मेंद्रची आई, भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर तोंडात कोंबला आणि सुनेकडं पाहिलं. ते पाहणं सेवकरामला सहन झालं नाही.

महाराजांनी निर्णय दिला. सोमवारी बैठक उठायच्या आत ही बाई माहेरी गेली पाहिजे. एकटी. लेकरू घराच्या रक्ताचं आहे, ते घरातच राहील. ती थांबली तर पुढचा नंबर हिमांशूचा. रीतानं मंदाबाईच्या हातातून पोरीला परत ओढून घेतलं.

सेवकरामचं डोकं चालू लागलं. थोरला गेला, सून गेली की घर आणि धानाच्या बांध्या कुणाच्या? हिमांशूच्या. म्हणजे हा महाराज त्यानंच आणला असणार. शंका घ्यायला एवढी सरळ वाट क्वचित मिळते. बैठक उठल्यावर त्यानं पोराला गोठ्यामागं गाठलं आणि आडून आडून विचारायला लागला. पण पोरगं तर स्वतःच घाबरलेलं होतं. त्यानं सांगितलं की दिवाळीनंतर मंडईला तीच गाडी घेऊन तो गेला होता, परत आल्यावर आईला पाईपवर ओघळ दिसला, आणि त्या दिवसापासून त्यानं गाडीला हात लावलेला नाही. वहिनी चांगली आहे, म्हणाला, ती गेली तर रुचिका जगणार नाही. पण आईपुढं कोण बोलणार. आईला आधीच कौल मिळालेला.

"कसला कौल?" सेवकरामनं विचारलं.

"रोवनीच्या दिवसात दादाच्या मोबाइलवर फोन आला होता. दादा बांधीत होता, मायनं उचलला. तिकडून मानूस बोलला, धर्मेंद्रची गाडी रडून राहिली, ध्यान द्या, नाहीतं एक दिवस दगा देईन. एवढं बोलून बंद. मायले नाव समजलं नाही. महाराज म्हनतात, तो मानूस नव्हताच. आकाशवानी होती."



आकाशवाणी झाली होती खरी, पण ती कोहमाऱ्याच्या चौकातून, पाना धरलेल्या काळ्या हातातून झाली होती. सेवकरामला सगळं आठवलं. रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे, दिवस होते. धाब्यासमोर धर्मेंद्रची गाडी उभी दिसली, मालक कुठं दिसेना. पुढच्या उजव्या शॉकअपचं रबरी सील खराब होऊन तेल पार ब्रेकच्या डिस्कपर्यंत आलं होतं, आणि डिस्कवर तेल म्हणजे ब्रेक लागायचा नाही. धर्मेंद्र जुनं गिऱ्हाईक, नंबर होताच; संध्याकाळी त्यानं आठवणीनं फोन केला. बाईचा आवाज आला, त्याला वाटलं निरोप पोचेल. आणि तो मिस्त्री लोकांच्या रोजच्या भाषेत बोलला. शॉकअपमधून तेल येत असलं की सारे मिस्त्री म्हणतात, गाडी रडते. जो माणूस साऱ्या जगावर शंका घेत होता, त्याला हे एक वाक्य दुसऱ्याच्या कानाला कसं ऐकू जाईल याची शंका आली नव्हती.

घरी आल्यावर त्यानं कुसुमबाईला सांगितलं. जावं की न जावं, तो घुटमळत होता. गेलो तर लोक म्हणणार, पोरगं याच्याच फोननं गेलं. शिवाय आपण बौद्ध, ते म्हणतील यांना आमच्या देवाचं काय कळतं.

कुसुमबाईनं तांदूळ निवडता निवडता सांगितलं, "देवाचं कायले बोलता? सीलचं बोला. ते तं समजते ना तुमाले? अन् नाही गेले तं ते पोट्टी मायपासून तुटन. मंग जन्मभर शंका घेत बसा, कोनाच्या पायी तुटली म्हनून."

सोमवारी सेवकराम निघाला. दुकानात नव्या सीलची वाट पाहत दोन गाड्या उभ्या होत्या. मालकांना विचारून एक त्यानं घेतली, एक देवानंदला दिली, आणि दोघं हळू चालवत चिचटोलीत आले. अंगण भरलेलं होतं. दाराशी रीताची पिशवी बांधून ठेवलेली होती. रुचिकेला आत कोंडलं असावं, कारण दाराच्या पलीकडून कुणीतरी हातानं दार बडवत होतं.

महाराजांचं शोकपुराण रंगात आलं होतं. सेवकरामनं दोन्ही गाड्या धर्मेंद्रच्या गाडीशेजारी लावल्या आणि भैयाजींना रामराम घातला. म्हणाला, मीही दोन रडणाऱ्या गाड्या आणल्या आहेत जी, यांच्या मालकांना कोणी खाल्लं तेही महाराजांनी सांगावं, मालक मात्र दोघंही जिवंत आहेत, एक तर आत्ता धाब्यावर मिसळ खातो आहे.

काही लोक हसले, बरेच चिडले. मंदाबाईचा नवरा पुढं आला, तुम्ही देव मानत नाही, तुम्ही यात पडू नका म्हणाला. सेवकरामनं हात जोडले. देवाचं मी बोलतच नाही, फक्त स्टँडचं बोलतो, म्हणाला. मग महाराजांकडं वळला.

"महाराज, सारे बसले गाडीवर. तुमी नाही बसले."

महाराज गोड हसले. "हम ठहरे विरक्त. विरक्त आदमी वाहन पर नहीं बैठता, बेटा."

"मंग गोंदियावरून उडत आले का जी?" देवानंदनं विचारलं. कारण अर्ध्या गावानं त्यांना मोटारसायकलच्या मागच्या सीटवर, काळा चष्मा लावून येताना पाहिलं होतं.

हशा पिकला, पण कुणी पुढं सरेना. तेव्हा भैयाजी उठले. मुलगा गेल्यापासून हा माणूस चार शब्दांवर पाचवा बोलला नव्हता.

"बसा जी महाराज," भैयाजी म्हणाले. "माझी सून बसली. तुमाले काय झालं?"

यजमानच बसा म्हणाल्यावर काय करणार. लुंगी सावरत महाराज चढले, पण चढता चढता टाचेनं गाडी स्टँडवरच राहील अशी काळजी घेत होते. सेवकराम त्याचीच वाट पाहत होता. त्यानं गाडी पुढं ढकलली, स्टँड खटकन वर गेलं. पांढऱ्या फडक्यानं पाईप पुसला, फडकं साऱ्यांना दाखवलं, अगदी महाराजांच्याच पद्धतीनं. मग ब्रेक धरायला लावला आणि तीन नमस्कार घालायला सांगितलं. महाराजांनी नमस्कार असा घातला की हँडलला पत्ता लागू नये. तेव्हा सेवकराम आणि देवानंदनं दोन्हीकडून हँडल धरलं आणि त्यांच्या वतीनं तीनदा खाली दाबलं.

पाईपवर कडं उमटलं. ओघळ आला. थेंब ताटात पडला.

सेवकरामनं महाराजांना उतरवलं, गाडी मेन स्टँडवर चढवली, पाईप पुसला आणि रीताला बसायला सांगितलं. ती बसली. पाईप कोरडा. मग त्यानं आणलेल्या दोन्ही गाड्या तशाच करून दाखवल्या. स्टँडवर कोरड्या, खाली घेऊन दाबल्या की रडतात. भैयाजी बसोत, हिमांशू बसो, मंदाबाई बसो. मंदाबाई बसली तेव्हा तर गाडी भारानं जरा जास्तच रडली.

मग तो खाली बसला आणि बोट लावून सांगू लागला. हा वरचा पाईप खालच्या नळीत आत-बाहेर होतो. खड्डा आला की आत जातो, म्हणून आपल्या कमरेला दणका बसत नाही. नळीत तेल असतं. नळीच्या तोंडाशी रबराचं कडं असतं, त्याला सील म्हणतात. पाईप वर येताना हे कडं त्याच्यावरचं तेल पुसून आतच ठेवतं. ते फाटलं, नाहीतर त्याच्या ओठात माती अडकली, की तेल बाहेर येतं. गाडी मेन स्टँडवर असताना माणसाचा भार स्टँडवर जातो, पाईप जागचा हलत नाही, मग तेल येणार कुठून? खाली घेऊन ब्रेक धरून दाबली की पाईप आत जातो, आणि बाहेर येताना तेल घेऊन येतो. महाराज बाकीच्यांना स्टँडवर बसवत होते आणि रीताला खाली. एवढंच होतं ते सारं.

"यांत्रिक कारण अलग, आत्मिक कारण अलग," महाराज माळा ओढत म्हणाले. कुणी हात जोडले नाहीत. त्यांना आणणारा मोटारसायकलवाला आधीच गाडी चालू करून उभा होता. विरक्त पुरुष मागच्या सीटवर कसा बसतो ते साऱ्या टोलीनं निवांत पाहून घेतलं. भैयाजींनी पोलीस पाटलाला बोलावणं धाडलं, कारण भानामतीच्या नावानं बाईला घराबाहेर काढायला लावणं हा गुन्हा आहे, आणि रीता म्हणाली की तिला तक्रार द्यायची आहे.

पण सेवकरामचं काम संपलं नव्हतं. जे सांगायला तो आला होता ते अजून सांगायचं राहिलं होतं. त्यानं देवकाबाईला विचारलं, घरात जुना एक्स-रे आहे का. तिच्याच गुडघ्याचा खुंटीला होता. त्यानं त्याची बोटभर रुंद पट्टी कापली, एका टोकाला आकड्यासारखी खाच पाडली, पाईपवरचं धूळ अडवणारं रबर वर सरकवलं आणि पट्टी पाईप आणि सीलच्या मधून हळूहळू गोल फिरवली. बाहेर काढली तेव्हा आकड्यात काळसर मातीचा लपका होता आणि त्यात धानाच्या काडीचा तुकडा.

"बांधीतला चिखल आहे, बाई," तो देवकाबाईजवळ बसत म्हणाला. "रोवनीतला. धर्मेंद्र चिखलातून गाडी काढे, ते पाईपवर वाळे, अन् सीलमंदी जाये. हेच होतं ते रडनं. अन् तो फोन आकाशवानी नव्हती. मी केलो होतो फोन."

देवकाबाई त्याच्याकडं वळली.

"तू म्हनला होता, गाडी रडून राहिली."

"आमी मिस्त्री लोक तसंच म्हनतो. तेल येते त्याले."

तिनं हँडलवरच्या वाळक्या लिंबाकडं पाहिलं. "मले वाटलं अपशकुन झाला. मी पोराले सांगतलीबी नाही, घाबरन म्हनून. गुपचूप लिंबू-मिरची बांधली." मग आवाज फुटला. "सील बदलली असती तं वाचला असता का गा माझा पोरगा?"

गेले तीन महिने ही बाई सुनेकडं बोट का दाखवत होती ते सेवकरामला तेव्हा समजलं. कौल तिला आधी मिळाला होता आणि पोरगा तरी गेला. दोष कुणाचा तरी असायलाच हवा होता, नाहीतर तो तिच्याच पदरात पडत होता. सेवकरामला रडू आलं. खोटं बोलून दोघांचीही सुटका करावी असं त्याला क्षणभर वाटलं.

"मले मालूम नाही, बाई," तो म्हणाला. "ब्रेक लागला नाही की डुक्कर जवळ होतं, कोनीच पाहिलं नाही. जे मालूम नाही ते सांगनं महाराजाचं काम, माझं नाही. एवढं मालूम आहे, की मी सरळ बोललो असतो, सील फाटलं, ब्रेक लागनार नाही, तं तू लिंबू बांधली नसती. चूक माझी आहे. तुझ्या सुनेची कायचीच नाही."

देवकाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली, हँडलचा दोरा दातानं तोडला आणि आतल्या खोलीची कडी काढली. रुचिका धावत बाहेर आली. म्हातारीनं दाराशी ठेवलेली पिशवी उचलून आत नेली आणि तिची गाठ सोडायला बसली. गाठ सुटेना, तेव्हा रीता शेजारी जाऊन बसली आणि दोघींनी मिळून सोडली.

लोकहो, गाडी रडत नाही, मूर्तीला घाम फुटत नाही आणि झाडाला रक्त येत नाही. जिथून काही पाझरतं तिथं आत काहीतरी असतं, आणि ते उघडून पाहता येतं. ज्याला उघडून पाहू देत नाहीत, त्याच्यापुढं हात जोडण्याआधी ते का उघडू देत नाहीत हे विचारा. आणि तुम्हाला जर काही ठाऊक असेल, तर समोरच्याला समजेल अशा शब्दांत सांगा. शहाण्यांच्या अर्धवट बोलण्यावरही भोंदूंचं पोट भरतं.

दुसऱ्या दिवशी हिमांशू डोक्यावर भावाचं हेल्मेट घालून, गाडी हळूहळू चालवत कोहमाऱ्याला आला. पाईपवर गंज धरला होता, नुसती माती काढून भागणार नव्हतं, दोन्ही सील बदलावी लागणार होती. सेवकरामनं पाईप काढायला घेतला तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला, सकाळी धाब्यासमोर लावली होती ती आपली गाडी पाहिली का म्हणून. सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "हो जी, तुमची गाडी र—"

तो थांबला. पाना खाली ठेवला, हात पुसले.

"पुढच्या शॉकअपचं सील फाटलं आहे. तेल डिस्कवर येऊन राहिलं. ब्रेक लागनार नाही. आजच घेऊन या, चालवत नका आनू, टेम्पोत टाका." तो क्षणभर थांबला. "आता मी काय बोललो, ते मले परत सांगा."